मधपेटीत साखरपाक, पॅटी की टॉनिक? मधमाशीच्या खुराकाचा हिशेब, मराठवाड्याच्या शिवारातून

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक शोध मांडला. यीस्टमध्ये जनुकीय बदल करून त्यांनी मधमाश्यांसाठी नवं खाद्य बनवलं. ते खाणाऱ्या वसाहतींनी साध्या कृत्रिम खाद्यावरच्या वसाहतींपेक्षा पंधरा पटींपर्यंत जास्त पिल्लं वाढवली. ही बातमी 'मधमाश्यांचं सुपरफूड' म्हणून मोबाइलवर फिरली. तेव्हापासून लातूर-धाराशिवकडे नव्याने पेट्या ठेवणारी पोरं एकच विचारतात: हे कुठं मिळतं, आणि नाही मिळालं तर दुकानातलं टॉनिक चालेल का?

प्रश्न रास्त आहे. पेटी, माश्या, साहित्य यात पैसा अडकलेला असतो. डोंगर-जंगल असलेल्या भागात फुलांचा एक हंगाम हुकला तर दुसरा हाताशी असतो. आपल्याकडे एप्रिल सरला की शिवार करपतं आणि जानेवारीत गजबजलेली पेटी जूनपर्यंत मूठभर माश्यांवर येते. अशा वेळी मधपाळ काहीतरी द्यायला धावतो. पण काय द्यायचं, कधी द्यायचं आणि त्यातून किती अपेक्षा ठेवायची, हे कळायचं असेल तर आधी मधमाशी खाते काय हे पाहावं लागतं.

## मधमाशीचं जेवण

मधमाशीच्या जेवणात मकरंद, पराग आणि पाणी एवढंच असतं. मकरंद म्हणजे फुलातला गोड रस, ज्याचा पुढे मध होतो. त्यातून मिळते ती ताकद: उडायला, पंख हलवून पोळं थंड ठेवायला, थंडीत ऊब धरायला. पिल्लं असतात त्या भागाचं तापमान माश्या बाराही महिने ३४ ते ३५ अंशांच्या आसपास राखतात. बाहेर ४३ अंश असो की १० अंश, त्यासाठी इंधन लागतंच.

अंग मात्र परागावर भरतं. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, क्षार हे सगळं फुलांच्या परागातून येतं. एक अळी मोठी करायला साधारण १२५ ते १४५ मिलिग्रॅम पराग लागतो. एका मोठ्या वसाहतीला वर्षभरात १५ ते ४० किलो. आणि सगळा पराग सारखा नसतो. कुठल्या फुलाच्या परागात जेमतेम अडीच टक्के प्रथिनं असतात, तर कुठल्या फुलाच्या साठ टक्क्यांपर्यंत जातात.

नुसतं प्रथिन किती यावरही भागत नाही. प्रथिन ज्या घटकांनी बनतं त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. मधमाशीला त्यातली दहा बाहेरूनच मिळावी लागतात, हे डी ग्रूट या डच संशोधकाने १९५३ मध्ये दाखवून दिलं. त्यातलं एकही कमी पडलं तर बाकीची नऊ असूनही वाढ खुंटते. मक्याच्या परागात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल जवळजवळ नसतंच. सूर्यफुलाचा पराग भरपूर मिळतो, पण त्यात प्रथिनं कमी. त्यामुळे माश्यांच्या पायांवर परागाचे गोळे दिसतात म्हणून आपण निश्चिंत व्हायचं कारण नाही. गोळे एकाच रंगाचे दिसत असतील तर ती काळजीची गोष्ट आहे. पिवळे, केशरी, राखाडी, पांढरट असे वेगवेगळे गोळे आत येताना दिसले तर खुशाल समजावं की वसाहत चांगलं खाते आहे.

## भुकेचा परिणाम महिन्याने दिसतो

हा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक गफलत इथेच होते.

बाहेर जाणारी प्रौढ माशी प्रामुख्याने मधावर जगते. पराग खातात त्या पेटीतल्या तरुण माश्या. त्यांना दाई माश्या म्हणतात. पराग खाल्ला की त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून दुधासारखा द्रव पाझरतो. राणीला आयुष्यभर आणि कामकरी अळ्यांना पहिले तीन दिवस तो मिळतो. त्यालाच राजान्न म्हणतात. म्हणजे पराग तुटला की आधी दाईचं दूध आटतं, मग अळ्या उपाशी राहतात, राणी अंडी कमी घालते. परागाची टंचाई फारच वाढली तर माश्या लहान अळ्या आणि अंडी स्वतःच खाऊन टाकतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यातून जी प्रथिनं परत मिळतात ती उरलेल्या पिल्लांना जगवायला वापरली जातात.

अंड्यापासून मेलिफेराची, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीची, कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस लागतात. त्यापुढे दोन-तीन आठवडे ती पेटीतच काम करते. म्हणून आज पराग बंद झाला तर पेटीच्या दारावरची ये-जा आज कमी होत नाही. ती कमी होते महिना-सव्वा महिन्याने, जुन्या माश्या मरतात आणि जागेवर नव्या येत नाहीत तेव्हा. तोवर आपण उन्हाला दोष देतो, रोगाला देतो, राणीला देतो. भूक मात्र कधीच येऊन गेलेली असते.

## झाकण उघडल्यावर काय बघायचं

पेटीच्या मधल्या चौकटींपैकी एक हलक्या हाताने वर काढा, पाठ सूर्याकडे करा आणि ऊन कप्प्यांच्या तळाशी पडेल अशी चौकट धरा. दोन-तीन दिवसांच्या अळ्या शोधा. स्वल्पविरामाएवढ्या, पांढऱ्या, वाकलेल्या. त्यांच्याखाली दुधाळ थारोळं चमकताना दिसलं, अळी त्यात अक्षरशः तरंगत असली, तर दाईला पराग पुरतोय. अळी कप्प्याच्या कोरड्या तळाला चिकटलेली असेल आणि तिच्याभोवती ओल जेमतेम असेल तर परागाची टंचाई सुरू झाली आहे. मधाचे कप्पे भरलेले असले तरीही.

मग पिल्लांच्या गोलाभोवतीचा पट्टा बघा. तिथे माश्या पराग मधात कालवून दाबून ठेवतात. तो रंगीबेरंगी पट्टा दोन बोटं रुंद असेल तर ठीक. तिथे रिकामे कप्पे असतील तर चार-पाच दिवस लागून पाऊस झाला की वसाहत अडचणीत येईल, कारण पराग माश्या मधासारखा महिनोन् महिने पुरेल एवढा साठवत नाहीत.

शेवटी पेटी मागून किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्या. हलकी लागली तर मधाचा साठाही संपत आलाय.

या तपासणीतून दोन वेगळ्या भुका कळतात. एक पोटाची, म्हणजे साखरेची. दुसरी अंगाची, म्हणजे परागाची. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

## आपल्या शिवाराचं वर्ष

मराठवाड्यात मधमाशीचे सुगीचे दिवस ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. पावसाळा ओसरताना बांधावरची रानफुलं, कारळं, बोरीचा फुलोरा. मग तूर. जानेवारी-फेब्रुवारीत करडई, धने, शेवगा, आंब्याचा मोहोर, जालना-संभाजीनगरकडे मोसंबीचा आंबे बहार. कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट पांढरे होतात. मार्चमध्ये कडुलिंबाला मोहोर येतो आणि गावातल्या पारावर उभं राहिलं तरी वरून गुणगुण ऐकू येते. एप्रिलमध्ये करंज. त्यानंतर चिंचेचा फुलोरा सोडला तर मे महिना जवळजवळ कोरडा.

दुसरा अडचणीचा काळ जुलै-ऑगस्ट. हिरवं सगळीकडे असतं, त्यामुळे हा कोणाच्या लक्षातच येत नाही. पण पावसाची झड लागली की माशी बाहेर पडू शकत नाही, पडली तर फुलातला मकरंद धुऊन गेलेला असतो, आणि शिवारात फूल असतं ते मक्याचं, सोयाबीनचं.

सोयाबीनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. लातूर-धाराशिवचा भाग एकेकाळी सूर्यफुलाने पिवळा दिसायचा. करडईची पट्टी ज्वारीच्या कडेला हमखास असायची. काटेरी म्हणून जनावरं आत शिरत नसत, आणि घरचं तेल मिळायचं. जवस, तीळ, कारळं, अंबाडी हे सगळं थोडं थोडं पेरलं जायचं. आज खरिपात सोयाबीन आणि कापूस, रब्बीत हरभरा असा शिवाराचा ठसा बसलाय. शेतकऱ्याने हे हौसेने केलेलं नाही. भाव, मजुरी, काढणीची सोय, रानडुकरं या सगळ्यांनी त्याला तिकडे ढकललं. पण सोयाबीन आणि हरभरा दोन्ही पिकं स्वतःच्याच परागावर दाणा धरणारी. माश्या सोयाबीनवर जातात, मात्र फुलोरा तीन-चार आठवड्यांत आटोपतो आणि मग मैलभर चहूकडे त्यांच्यासाठी काही उरत नाही. मराठवाड्यातली मधमाशी उपाशी पडते ती फक्त दुष्काळाने नाही. चांगला पाऊस झालेल्या वर्षीही ती एकाच पदार्थावर दिवस काढते.

## साखरपाक: चारा छावणीइतकंच त्याचं काम

चारा छावणी कशासाठी असते हे मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. छावणीत उसाचं वाढं मिळतं, जनावर दावणीला तग धरतं, खाटकाकडे जायचं वाचतं. पण छावणीतल्या वाढ्यावर म्हैस भरून दूध देईल असं कोणी म्हणत नाही, आणि पाऊस पडल्यावर छावणी चालू ठेवायला कोणी जात नाही. साखरपाकाचं तसंच आहे. तो पोटाची भूक भागवतो. अंगाची नाही. साखरेत ना प्रथिन, ना स्निग्ध, ना क्षार.

बनवायची रीत सोपी. पाणी उकळा, गॅस बंद करा, तेवढ्याच वजनाची पांढरी साखर त्यात विरघळवा. लिटरभर पाण्याला किलोभर साखर. साठा करून ठेवायला हवा असेल तर दुप्पट साखरेचा घट्ट पाक. साखर टाकल्यावर उकळत ठेवू नका, करपू देऊ नका, आणि लिंबू किंवा व्हिनेगर घालून तर शिजवूच नका. आंबट आणि उष्णता एकत्र आली की साखरेतून एचएमएफ नावाचा पदार्थ तयार होतो. तो माशीच्या आतड्याला घातक आहे. उन्हात पडलेला जुना पाकही त्याच कारणाने द्यायचा नाही.

पाक संध्याकाळी, अंधारून येताना, पेटीच्या आत ठेवायचा. रात्रीत संपेल एवढाच. ओट्यावर, पेटीवर थेंब सांडू द्यायचा नाही, दार लहान करायचं आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी द्यायचं. हे नियम किरकोळ वाटतात, पण दिवसाढवळ्या पाकाचा वास सुटला की दांडग्या वसाहती दुबळ्या वसाहतीवर तुटून पडतात. या लुटालुटीत एका दुपारी पेटी संपते. पाकाच्या भांड्यात काड्या किंवा सुकं गवत तरंगत ठेवलं तर माश्या बुडत नाहीत.

## गूळ साखरेपेक्षा पौष्टिक, मग तोच का देऊ नये?

हा प्रश्न आपल्याकडे येणारच. गुऱ्हाळं आपल्या भागात, गूळ घरात, आणि माणसाला गूळ साखरेपेक्षा बरा हे लहानपणापासून ऐकलेलं. पण माणसाच्या दृष्टीने गुळाचा जो गुण, तोच मधमाशीला बाधतो. गुळात, काकवीत, तपकिरी साखरेत क्षार आणि न पचणारे घटक राहिलेले असतात. मधमाशी तिची विष्ठा पेटीत टाकत नाही, उडून बाहेर जाऊन टाकते. न पचलेला भाग आतड्यात साठत गेला, आणि त्यात पावसाने बाहेर जाता आलं नाही, तर तिला हगवण लागते. पेटीच्या दारावर, चौकटींवर तपकिरी डाग दिसले तर समजावं. म्हणून जितकी शुद्ध पांढरी साखर तितकी बरी.

बाजारातला मध पेटीत देणंही टाळा. काही जण ममतेने देतात. त्या मधात 'अमेरिकन फाऊलब्रूड' या अळ्या कुजवणाऱ्या रोगाचे बीजाणू असू शकतात. माणसाला त्यांचा काही त्रास नाही, पण ते मधात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. तीच गोष्ट अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या परागाची.

## परागाची जागा काय घेणार?

परागाला पर्याय म्हणून मधपाळ जी लगदी चौकटींवर ठेवतात तिला पॉलन पॅटी म्हणतात. तेल काढलेल्या सोयाबीनचं भाजलेलं पीठ, ब्रूअर्स यीस्ट, साखर आणि थोडं पाणी अशी साधारण मांडणी. आपल्याकडे सोयाबीनऐवजी फुटाण्याचं पीठही वापरतात, आणि ते माश्या बऱ्यापैकी खातात. काही कृतींमध्ये दुधाची पावडर सांगितलेली असते. ती जपून. दुधातली साखर मधमाशीला पचत नाही, जास्त झाली तर विषारी ठरते. सोयाबीनमध्येही मधमाशीला बाधणाऱ्या दोन-तीन शर्करा आहेत, आणि कच्च्या सोयाबीनमध्ये पचन रोखणारे घटक असतात. म्हणूनच ते भाजलेलं लागतं.

पॅटीचा उपयोग होतो का? होतो, पण वेळेवर अवलंबून आहे. फुलांचा हंगाम महिना-दीड महिन्यावर असताना पॅटी दिली तर पिल्लं आधीच वाढायला लागतात आणि हंगामाच्या दिवशी काम करणाऱ्या माश्या तयार असतात. म्हणजे तूर फुलायच्या आधी, सप्टेंबर अखेरीस. पण बाहेर पराग मिळत असताना दिलेल्या पॅटीचा फायदा बहुतेक अभ्यासांत दिसलेला नाही. माश्या ती खातात, कधी नुसती कुरतडून बाहेर फेकतात, आणि वसाहत होती तशीच राहते. चौकटींवर आठवडाभर तशीच पडून राहिलेली पॅटी तर मेणकिड्याला आमंत्रण. दोन-तीन दिवसांत खाल्ली नाही तर काढून टाकावी.

पॅटीला मोठी मर्यादा आहे, आणि ऑक्सफर्डची बातमी त्या मर्यादेबद्दलच होती. परागात स्टेरॉल नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. पेशींची आवरणं बांधायला आणि अळीला कात टाकायला लागणारं संप्रेरक बनवायला ते हवेत. माणूस स्वतःच्या शरीरात कोलेस्टेरॉल बनवू शकतो. मधमाशीला स्वतःचं स्टेरॉल बनवता येत नाही. ते परागातूनच यावं लागतं. आणि तिला हवी ती स्टेरॉलं सोयाबीनच्या पिठात, साध्या यीस्टमध्ये पुरेशी नसतात. म्हणून पॅटीवर पिल्लं काही आठवडे वाढतात, दाई माश्या स्वतःच्या अंगातला साठा त्यांना देत राहतात, आणि तो आटला की वाढ थांबते.

ऑक्सफर्डच्या गटाने 'यारोविया लिपोलिटिका' या यीस्टमध्ये बदल करून परागातली सहा महत्त्वाची स्टेरॉलं त्यातच तयार होतील अशी व्यवस्था केली. काचघरात, जिथे माश्यांना बाहेरचं फूल मिळू शकत नाही अशा ठिकाणी, तीन महिने हे खाद्य दिलं. स्टेरॉल नसलेल्या खाद्यावरच्या वसाहतींनी तीन महिन्यांत पिल्लं वाढवणं बंद केलं. नवं खाद्य मिळालेल्या वसाहतींनी ते शेवटपर्यंत चालू ठेवलं. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतलं मधमाशीच्या आहारावरचं हे फार मोलाचं काम आहे, कारण पॅटी कमी का पडते याचं नेमकं कारण त्याने हातात दिलं. पण काचघर वेगळं आणि शिवार वेगळं. मोठ्या प्रमाणावर शेतातल्या चाचण्या व्हायला हव्यात असं त्या संशोधकांनीच सांगितलं. 'सुपरफूड' असं छापलेली बाटली कोणी दाखवली तर ती या शोधातली आहे असं गृहीत धरू नका.

## टॉनिक, व्हिटॅमिन आणि प्रोबायोटिक

पाकात कोंबड्यांचं व्हिटॅमिन, लसणाचा रस, हळद, निरनिराळे अर्क घालण्याचे सल्ले सर्रास मिळतात. यातल्या बहुतेकांना भक्कम पुरावा नाही. क्षारयुक्त मिश्रणं जास्त झाली तर उलट हगवण लागते.

प्रोबायोटिकचं थोडं सविस्तर. मधमाशीच्या आतड्यात उपयोगी जीवाणूंचे मोजकेच गट राहतात. ते परागाचं कवच फोडायला, रोगजंतू रोखायला मदत करतात. नवी माशी कप्प्यातून बाहेर आली की पहिल्या काही दिवसांत सोबतिणींकडून, पोळ्यातून हे जीवाणू घेते. ते खास मधमाशीचेच. बाजारातल्या पुडीत बहुतेक वेळा जनावरांसाठी किंवा दही-ताकासाठी वापरले जाणारे जीवाणू असतात, आणि ते मधमाशीच्या आतड्यात मुक्काम करत नाहीत. त्यांच्यामागे पैसे घालण्यापेक्षा आहेत ते जीवाणू मरू न देणं महत्त्वाचं. टेक्सास विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलेल्या माश्यांच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू घटले आणि त्या माश्या जास्त मेल्या. रोग नसताना 'खबरदारी म्हणून' पाकात अँटिबायोटिक टाकायची सवय म्हणूनच सोडायला हवी. त्याचा अंश मधात उतरतो तो वेगळाच.

## साखर दिली म्हणजे मध नकलीच ना?

गिऱ्हाइकाचा हा प्रश्न टाळू नये. उपासमारीच्या काळात दिलेली साखर माश्या खाऊन संपवतात. ती मधात येत नाही. हंगाम चालू असताना, मधाच्या चौकटी वर लावलेल्या असताना दिली तर मात्र माश्या तीच साठवतात, आणि तो मध राहत नाही.

प्रयोगशाळेत हे कळतं. ऊस आणि मका ही पिकं हवेतला कार्बन ज्या पद्धतीने बांधतात ती बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळी आहे. शास्त्रात त्यांना सी-४ वनस्पती म्हणतात. त्यांच्या साखरेतल्या कार्बनची खूण निराळी असते. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मधात अशा साखरेची मर्यादा ७ टक्के ठेवली आहे. भेसळ करणारे म्हणून तांदळासारख्या, ही खूण नसलेल्या पाकांकडे वळले. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तेरा ब्रँडचे नमुने तपासले तेव्हा सगळ्या चाचण्यांत फक्त तीन उतरले. त्या गोष्टीचा आणि मे महिन्यात उपाशी पेटीला पाक देणाऱ्या मधपाळाचा काही संबंध नाही. गिऱ्हाइकाला सरळ सांगावं: साखर देतो, अमुक महिन्यात देतो, मध काढायच्या हंगामात देत नाही.

आणि मुळात सगळा मध काढून घ्यायचा नाही. मार्चअखेर शेवटची काढणी करताना खालच्या कक्षातला मध माश्यांचाच समजून ठेवला तर पाकाची गरज निम्म्याहून कमी होते. आपल्या भागात पेट्या मेमध्ये हलक्या पडतात त्यामागे शेवटच्या काढणीतली हाव बऱ्याचदा असते.

## आग्या मोहोळाला कोण खाऊ घालतं?

कोणीच नाही, आणि त्याला गरजही नाही. आग्या माशी फुलं संपली की पोळं सोडून दूर उडून जाते, हंगामात परत येते. अजिंठ्याच्या कड्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर, जुन्या वडांवर तिची पोळी दिसतात आणि एके दिवशी दिसत नाहीत ती याचमुळे. सातेरी या पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी माशीलाही भूक असह्य झाली तर घर सोडून जायची खोड आहे. मेलिफेरा हा पर्याय क्वचितच वापरते. तिला आपण पेटीत आणलं, पेटी एका जागी ठेवली, तिचा मध काढला. तेव्हा अडचणीच्या महिन्यांत एकतर पेट्या फुलांकडे हलवायच्या, नाहीतर खाद्य द्यायचं, ही जबाबदारी आपलीच.

## चांगला खुराक दिला तर रोग, फवारणी यांची भीती नाही?

भीती कमी होते, संपत नाही. अमेरिकेतले व्यावसायिक मधपाळ पाक आणि पॅटीवर भरपूर खर्च करतात. तरीही २०२४-२५ च्या हिवाळ्यात त्यांच्या सोळा लाखांच्या आसपास वसाहती गेल्या. तपासणीत विषाणू आणि ते पसरवणारी व्हरोआ ही गोचिडीसारखी कीड सापडली. नेहमीच्या औषधाला ती दाद देत नव्हती. व्हरोआ माशीच्या पोटातल्या चरबीच्या थरावर जगते, म्हणजे खाल्लेलं पोषणच चोरते. ती मोजणं आणि आटोक्यात ठेवणं खाद्याने होत नाही.

फवारणीच्या बाबतीत परागाचं महत्त्व आणखी एका अंगाने कळतं. परागात आणि मधात पी-कुमारिक आम्ल नावाचा घटक असतो. तो खाल्ला की माशीच्या शरीरात विष मोडणारी यंत्रणा जागी होते, असं इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. साखरेत तो नसतो. म्हणजे कापसावर, तुरीवर फवारण्या चालू असताना नुसत्या पाकावर जगणारी वसाहत विषापुढे जास्त उघडी पडते. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करून घेणं कुठल्याही टॉनिकपेक्षा जास्त माश्या वाचवतं.

## बांधावर काय लावायचं

फुलं नसलेल्या महिन्यांत फूल देणारं झाड लावायचं, एवढाच निकष ठेवा. हिवाळ्यात फुलणारं खूप आहे. शेवगा वर्षातून दोनदा फुलू शकतो आणि शेंगा विकल्या जातात, म्हणून त्याला पहिलं स्थान. करंज एप्रिलसाठी, चिंच मे-जूनसाठी, बोर आणि बाभूळ पावसाळ्याकडच्या महिन्यांसाठी. जनावरांसाठी लसूणघास असेल तर त्यातला एक वाफा कापायचा नाही, फुलू द्यायचा. सोयाबीनच्या कडेने कारळ्याच्या चार ओळी, हरभऱ्यात धन्याच्या, आणि जमेल तिथे करडईची ती जुनी पट्टी. पिकाचं उत्पन्न यात बुडत नाही. तूर, कांदा बियाणं, डाळिंब, टरबूज यांना तर याच माश्या परत येऊन फळ धरून देतात.

पाणीही विसरू नका. मे महिन्यात वसाहत पाण्याचे थेंब पोळ्यात पसरून पंख्याने वारा घालते, तेव्हाच आतली पिल्लं वाचतात. विहीर आटली, हाळ कोरडा पडला की माश्या गावातल्या नळावर, रसवंतीवर जातात आणि लोक वैतागून त्यांना मारतात. पेट्यांपासून वीस-पंचवीस पावलांवर सावलीत उथळ परात, त्यात गोटे, रोज ताजं पाणी. हे मार्चपासूनच ठेवायचं. मधमाशी एकदा पाण्याची जागा ठरवून घेते आणि मग सहजी बदलत नाही, त्यामुळे मेमध्ये सुचून ठेवलेल्या परातीकडे ती वळत नाही, रसवंतीवरच जात राहते.